सशाला टोपात कोणी बसवलं?

बाळांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही तीन वर्षांचे आहात. तुमचं घर डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावर आहे. अंगणात नाचणी वाळत घातली आहे आणि तुम्ही अंगणवाडीत येऊन बसला आहात. झालात तीन वर्षांचे? आता आणखी एक समजा. तुमच्या पोटात कळ आली आहे. शी करायची आहे. पण आई शेतावर गेली आहे, आणि आई जवळ नसली की तुम्हाला शी होतच नाही. मग काय कराल?

अशीच तीन वर्षांची यमू काय करायची सांगू? ती ओठ घट्ट मिटायची, पाय जुळवायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. बस्स.

अंगणवाडी चालवणाऱ्या प्रमिलाबाई तिला मागच्या आडोशाला न्यायच्या. यमू तिथेही उभीच. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, शेजारी पत्र्याच्या दाराचा नवा संडास बांधला होता. त्याच्याकडे तर ती बघायचीसुद्धा नाही.

एवढंच असतं तर बाईंनी काळजी केली नसती. पण दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी झाली की यमूचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जायचे. यमूने आजीजवळ पाड्यावरच राहावं, रोज अंगणवाडीत यावं, असं बाईंना फार वाटत होतं. यमूची आई पारू मात्र मान हलवत म्हणाली, “नाय बाई. ती माझ्याबिगर बसतच नाय. दोन-दोन दिस धरून ठेवते, मंग पोट दुखतं म्हनून रडते. म्हातारीच्या गळ्यात हिला कशी टाकू? नेते भट्टीवर.”

“आणि तिला आम्ही शिकवलं तर?”

“शिकवा की! मना काय, बरंच हाय,” पारू म्हणाली, आणि का कोण जाणे, घाईघाईने विळा उचलून चालू लागली.

शिकवा म्हणणं सोपं. कसं शिकवायचं? बावीस वर्षांत बाईंनी कितीतरी पोरांना गाणी शिकवली, अंक शिकवले. हे कधी शिकवलं नव्हतं. शहापूरच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, यासाठी आता चित्रांची पुस्तकं मिळतात. म्हणून बाई जीपमध्ये बसून शहापूरला गेल्या आणि एसटी स्टँडजवळच्या रघूभाऊंच्या दुकानात शिरल्या.

“लहान मुलांचं पुस्तक हवंय.”

“अंकलिपी देऊ?”

“नाही हो. शी कुठे करायची, कशी करायची, ते शिकवणारं.”

रघूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, त्यालाही पुस्तक लागतं आता?”

वह्या घ्यायला आलेल्या दोन मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. रघूभाऊ आत गेले आणि धूळ झटकत तीन पुस्तकं घेऊन आले.

पहिल्यात नुसता मजकूर. पालकांनी हे करावं, पालकांनी ते करू नये. दुसऱ्यात पांढऱ्याशुभ्र फरशीच्या खोलीत एक गोरागोमटा मुलगा पांढऱ्या खुर्चीसारख्या संडासावर पाय लोंबकळवत बसलेला. तसला संडास बाईंनी कल्याणला एका लग्नात पाहिला होता आणि त्यावर बसायचं कसं ते न कळल्याने त्या तशाच परतल्या होत्या. तिसऱ्यात एक ससा, लाल भांड्यात बसलेला.

बाईंनी तिन्ही पुस्तकं दोनदा चाळली. मजकुराचं पुस्तक शहाणं होतं, पण यमूला काय वाचता येणार? मुलगा हसरा होता, पण तसली खोली पाड्यावर कुठली? ससा तरी ओळखीचा. पण ससा कधी भांड्यात बसतो का?

“रघूभाऊ, तुम्हीच सांगा, कुठलं घेऊ?”

“मला काय विचारता? माझी पोरं शिकली खरी. कशी शिकली, ते बायकोला ठाऊक!”

शेवटी बाईंनी मुलाचं आणि सशाचं अशी दोन घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलं गोल करून बसली. बाईंनी मुलाचं पुस्तक उघडलं.

“हा बघा, किती शहाणा! कुठे बसलाय?”

मंगळूने चित्रावर बोट ठेवलं. “बाई, त्याला कोंडलाय का?”

“नाही रे. दार लावून घेतलंय.”

“त्यानं काय केला होता?”

कोंडलाय म्हटल्यावर यमूचा चेहरा रडवेला झाला. बाईंनी ते पुस्तक मिटलं आणि दुसरं उघडलं. ससा दिसताच मुलं गुडघ्यांवर उभी राहिली.

“ससा! बाई, सशाला टोपात घातला!” रविना ओरडली.

“चूल कुठं हाय?” मंगळू म्हणाला. “माझा बाबा फाशात धरतो, तवा आदी कातडा काढतो.”

“अरे, त्याला शिजवत नाहीत! तो शी करतोय.”

मुलांनी माना पुढे काढून पुन्हा चित्र पाहिलं. मग यमू, जी अंगणवाडीत फारशी बोलत नसे, ती हळूच म्हणाली, “टोपात? आजी मारल त्याला.”

टोपात भात शिजतो, टोपात कालवण होतं, हे तर बाईंनीच शिकवलं होतं. मुलांचं चुकलं, की पुस्तकाचं, की आपलं? बाईंना काही उमजेना.

खिचडी खाऊन मुलं घरी गेली. पारू यायची होती म्हणून यमू थांबली होती. बाई पातेलं घासत होत्या. सहज मागे वळून बघतात तो काय, यमू भिंतीला टेकून खाली बसलेली. दोन्ही पाय समोर लांब पसरलेले. पावलांवर तिने सशाचं पुस्तक उभं धरलं होतं आणि ती चित्रातल्या सशाच्या कानात म्हणत होती, “श्शूऽऽ… कर रं, कर. मी धरलाय तुला.”

बाई हातातलं पातेलं विसरून बघत राहिल्या. तेवढ्यात पारू दारात आली. लेकीचा खेळ पाहून तिने पदर तोंडाला लावला.

“पारू, ही तुझ्या पायांवर बसते?”

“काय करू बाई? तान्ही असल्यापासून तशीच बसवली. आता एवढी घोडी झाली तरी सोडत नाय. तुमाला सांगायची लाज वाटली.”

“अगं, मलाही माझ्या आईने तसंच बसवलं होतं! आजी का नाही बसवत?”

“बसवते की. ही तिच्या पायावरून उठून पळते.”

म्हणजे कळूनही पुन्हा अडलंच. पारूच्या पायांत असं काय होतं, जे आजीच्या पायांत नव्हतं? बाई घरी जाईपर्यंत तेच विचारत राहिल्या, स्वतःलाच.

सकाळी यमू पुन्हा ओठ मिटून भिंतीशी उभी राहिली. बाई तिला आडोशाला घेऊन गेल्या. तिथे त्या खाली बसल्या, लुगडं सावरलं, पाय पसरले, आणि सशाचं पुस्तक यमूच्या हातात दिलं.

“यमू, मला काही येत नाही गो. सशाला कसं बसवायचं, तू शिकव.”

यमूने बाईंचे पाय निरखून पाहिले. मान हलवली. बाईंचा एक पाय धरून बाजूला सरकवला, मग दुसरा, जरासा. दोन्ही टाचा जमिनीवर नीट टेकवल्या. सशाला पावलांवर ठेवून पाहिलं. ससा पडला नाही.

मग तिने पुस्तक उचलून बाजूला गवतावर ठेवलं, पाठमोरी झाली, बाईंच्या दोन्ही पावलांवर अलगद बसली आणि मान वळवून म्हणाली, “बाई, तुमी तिकडं बघा.”