ताप चढला तरी, उतरला तरी

मी थर्मामीटर बोलतोय. घशात पारा आहे, आवाज बारीक येईल, सांभाळून घ्या.

भट्टीत जन्मलो आणि बरेच दिवस औषधांच्या दुकानात पडून होतो. मला घेतलं ते वजनमापं तपासायची नोकरी करणाऱ्या एका साहेबांनी. स्वभाव भारी संशयी. दुकानदाराकडून दुसरा थर्मामीटर मागून घेतला, आम्हाला एकेका काखेत धरलं आणि आकडे जुळले तेव्हाच मला खिशात टाकलं. मला राग आला नाही, उलट छाती फुगली. ज्याची चूक पकडता येते त्याच्याच बोलण्याला अर्थ, असं साहेब म्हणायचे. मलाही ते पटायचं.

त्यांच्या बायकोचं मात्र एकच वाक्य असायचं, "देव आहे तिच्यापाशी." ती म्हणजे त्यांची लेक, बुटकी. पोर सारखी आजारी, म्हणून माझी डबी तिच्या उशाशीच. मला काखेत घेताना गुदगुल्या होतात म्हणून ती खुदकन हसायची.

या खेपेला ताप हटेना. डॉक्टर इंजेक्शन देऊन जायचे, पण जाताना कोणाकडे बघायचे नाहीत. पारा जरा उतरला की बाई म्हणायच्या, देवाची कृपा. चढला की म्हणायच्या, तोच निभावून नेईल. काल साहेब भडकलेच.

"ताप उतरला तरी देव, चढला तरी देव. मग काय झालं म्हणजे तो नाही असं म्हणशील?"

बाई कपाळावरची पट्टी पिळत होत्या. "ते मला नाही माहीत. पण हे म्हटलं नाही तर माझा हातच उचलत नाही हो."

मी मनातल्या मनात साहेबांची बाजू घेतली.

आज सकाळी बुटकी गार पडली. साहेबांनी मला तिच्या काखेत ठेवलं. पारा जागचा हलला नाही. मग त्यांनी मला स्वतःच्या काखेत धरलं, तिथे मी बरोबर आकडा दाखवला.

"हा बिघडलाय," साहेब म्हणाले आणि मला परत तिच्या काखेत घातलं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकून टाकला. तेव्हापासून हेच चाललंय. काढतात, झटकतात, पुन्हा ठेवतात. मी काय दाखवलं म्हणजे हे थांबतील?

बाई गप्प बसल्यात. पट्टी हातातच आहे.

बाई, तुमचं ते वाक्य खरं की खोटं, मला सांगता येत नाही. माझ्या काचेवर त्याच्यासाठी रेघच नाही. पण मला फार भीती वाटतेय. तुमच्या नवऱ्याचे हात थांबत नाहीयेत. एकदा म्हणा ना ते.