पाचरीखालचे बटण

अडवणे हाच माझा धंदा आहे, मित्रांनो, त्यामुळे माझे कौतुक फारसे कुणी केले नाही. मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यातल्या पॉवर प्रेसचे जुने हिरवे बटण आहे, डाव्या हाताचे. माझ्यापासून हातभर अंतरावर उजव्या हाताचे बटण आहे, माझे जुळे भावंड. आम्हा दोघांना एकाच वेळी दाबले, तरच प्रेसचा वरचा जड जबडा खाली येतो आणि पत्र्याचा तुकडा कापतो. तुम्ही म्हणाल, हा काय उगाच ताप? एका बटणावर भागले असते की. भागले असते. पण मग दुसरा हात मोकळा राहिला असता, आणि मोकळा हात कुठे जाईल याचा नेम नसतो. माणसाचे दोन्ही हात आमच्यापाशी गुंतवून ठेवायचे, म्हणजे ते जबड्यात जात नाहीत. एवढ्यासाठीच मला घडवले.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. हात उचलला की मी टुणकन वर येतो. सुरुवातीची वर्षे अशी दबण्या-उठण्यात मजेत गेली. मी माणसांना तळहातावरून ओळखू लागलो. कुणाचा खरखरीत, कुणाचा घामट, एकाच्या हाताला कायम तंबाखूचा वास. पाहुणे आले की शेठ माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "आपली मशीन एकदम सेफ्टीवाली आहे." तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग प्रेसवर गोटीराम आला. दिंडोरीकडचा माणूस, सगळे त्याला मामा म्हणत. कुणाच्या घरी आजारपण असले की हा आधी हजर. हाताला वेग तर असा, की बघत राहावे. त्या वेगाच्या आड मी येत होतो. डाव्या हाताने पत्र्याची पट्टी सरकवायची, मग तोच हात माझ्यावर आणायचा, पुन्हा पट्टीकडे न्यायचा. त्याचा जीव मेटाकुटीला येई. एके दिवशी त्याने बाभळीची बारकीशी पाचर तासली आणि माझ्याभोवतीच्या लोखंडी कड्यात ठोकून बसवली. मी खाली दबलो तो दबलोच.

मित्रांनो, कुणी तुम्हाला खांद्याला धरून खाली बसवले आणि उठूच दिले नाही, तर कसे वाटेल? स्प्रिंग पोटात ढुशा देत राही. मी जोर लावी, पाचर हलत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याकडून रोज खोटे बोलवून घेतले जाई. मी दबलेला, म्हणून प्रेसला वाटे की डावा हात माझ्यावर आहे. तो हात मात्र जबड्याशी खेळत असे. माल भराभर पडू लागला, सुपरवायझर संतोष खूश झाला, आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

या प्रकाराला कारखान्यात एक शब्द होता. "डावं बायपास केलंय," असे म्हणत. पॅकिंगच्या टेबलावर नव्याने आलेल्या प्रतिभाने एकदा तो ऐकला.

"डावं बायपास म्हंजे काय हो मामा?"

"गाडी गावात न शिरता भाईरून काढत्यात ना, तसं," गोटीराम म्हणाला. "आडवं आलेलं टाळायचं नि पुढं निघायचं."

"आमच्या सासऱ्यांचा झालाय, छातीचा. त्यांना तर लय बरं वाटलं त्यानं."

गोटीराम हसला आणि कामाला लागला. पाचरीखाली मी ऐकत होतो. शब्दावर माझा राग नाही. रस्ता गावाला वळसा घालतो तो गावाच्या भल्यासाठी, आणि डॉक्टर तुंबलेल्या नसेला वळसा घालतात ते माणूस जगावा म्हणून. पण मी काही तुंबलो नव्हतो. मी राखणीला बसलो होतो. राखणदाराला वळसा घालून आत शिरतात, ते कोण असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रतिभा मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातली. खंडेनवमीला तिने मळ्यातून पिशवीभर झेंडू आणले आणि प्रेससाठी स्वतःच्या हाताने हार ओवला. त्या दिवशी मशीन धुवायची म्हणून गोटीरामने पाचर काढली. मी वर आलो! किती महिन्यांनी उजेड बघितला, सांगता येत नाही. हातोडी, पाने, पक्कड असे सगळे पूजेच्या ताटात मांडले गेले, आणि त्यातच पाचरही. तिलाही हळदकुंकू लागले.

पूजा झाल्यावर प्रतिभा म्हणाली, "मामा, मला शिकवा ना हे चालवायला."

त्याने शिकवले. दोन्ही तळहात ठेव, दाब. एक उचल, बघ काय होतंय. तिने उचलला. जबडा जागचा हलला नाही.

"बरं शहाणं आहे हे," ती म्हणाली. ते मलाच म्हणाली, असे मी धरून चाललो.

प्रसाद घेऊन ती घरी गेली. सुटीनंतर लगेच काम सुरू करता यावे म्हणून गोटीरामने सवयीने पाचर पुन्हा ठोकली, हळदकुंकवासकट, आणि तो दसऱ्यासाठी वणीच्या गडावर गेला. सुटी संपली तरी तो परतला नव्हता. माल तर द्यायचा होता. संतोष म्हणाला, "प्रतिभाताई, मामा येईपर्यंत तुम्ही बसता का प्रेसवर?"

"बसते की. येतंय मला."

ती आली आणि थबकली. माझ्यावर कुंकू लावलेले लाकूड होते. पूजेच्या ताटात पाहिलेले. तिला वाटले, मामांनी देवाचे म्हणून ठेवले असणार. ते काढायचे कसे? तिने त्याला बोटे लावली, ती कपाळाला टेकवली, आणि डावा तळहात हळूच पाचरीवर ठेवला. उजवा माझ्या भावंडावर. दाबले. प्रेस चालला. दिसायला सगळे शिकवल्याबरहुकूम होते. संतोष शेजारून गेला. मामांनी तिला सांगितलेच असेल, असे त्याने गृहीत धरले.

तिचा हात पाचरीवर, पाचर माझ्यावर. मी जिवाच्या आकांताने वर यायला धडपडलो. एकदा, फक्त एकदा मला उठता आले असते, तर तिला कळले असते.

दुपारी पट्टी जबड्यात अडकली. प्रतिभाने डावा हात निर्धास्तपणे उचलला आणि आत घातला. एक हात उचलला की हे हलत नाही, हे तिने स्वतः पाहिले होते. वाकताना माझ्या भावंडावर टेकलेल्या उजव्या तळहातावर तिचा भार गेला. पुढचे मी सांगत नाही. तिची दोन बोटे गेली.

गोटीराम गडावरून आला तो थेट प्रेसपाशी. त्याने पाचर उपटून भट्टीत टाकली आणि तो खाली बसून रडला. "मला आडवं येत व्हतं म्हनून," एवढेच तो म्हणत राहिला. संतोषने टार्गेटचे काय, असे विचारले. "नाय पडलं तर नाय पडलं," गोटीराम म्हणाला.

हात बरा झाल्यावर प्रतिभा परत आली. संतोष तिला म्हणाला, "तुम्ही पॅकिंगलाच बसा, ताई. तिथं धोका नाही."

"पॅकिंगला सुतळीची गाठ मारावी लागते," ती म्हणाली. "ती या हातानं बसत नाय. बटण दाबता येतं."

मित्रांनो, वाटेत काही आडवे आले तर खुशाल वळसा घाला. त्याशिवाय जगात कुणाचे चालत नाही. पण आधी क्षणभर थांबून त्याला विचारा, की बाबा, तू इथे कुणासाठी उभा आहेस?

आता मी दिवसभर वर येतो, खाली जातो. मला मोकळे व्हायचे होते, तसा झालो. प्रतिभाचा तळहात माझ्यावर नीट बसतो, पण जिथे तिची ती दोन बोटे टेकायला हवीत, तिथे मला वारा लागतो.