प्रतिज्ञापत्राचं सातवं पान

एलिसला घरी ठेवण्यासाठी त्याच्या आईने, नदीनने, काय काय नाही केलं! शाळा बुडेल म्हणाली, रस्त्यावर बर्फ असेल म्हणाली, शेवटी स्वतःचं डोकं दुखतंय म्हणून कपाळाला हात लावून बसली. पण सोळा वर्षांचं पोर, आणि त्याचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात! ते घरी बसतंय होय? पहाटे पाचला बूट चढवून गाडीत जाऊन बसलं आणि हॉर्न वाजवायला लागलं.

जन्माला मुलगी म्हणून आलेला एलिस बाराव्या वर्षापासून मुलगा म्हणून राहत होता. दीडेक वर्ष त्याला हार्मोन्सची औषधं चालू होती. विधानसभेने कायदा केला, की अठराच्या आतल्या कुणालाही असे उपचार द्यायचे नाहीत. खालच्या कोर्टाने त्या कायद्याला तात्पुरता लगाम घातला, सरकार वर गेलं, आणि आज सात न्यायाधीश ऐकणार होते. कायदा उचलून धरला तर औषधं बंद. एलिसला त्याचीच चिंता होती. नदीनला तीही होती, पण तिला जास्त धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची.

गोष्ट होती तिच्या प्रतिज्ञापत्राचं सातवं पान. खटल्याचे बाकी सगळे कागद एलिसने अधाशासारखे वाचले होते. न्यायाधीशांची नावं, त्यांचे जुने निकाल, कोण कुणाला टोकतं, सगळं पोराला तोंडपाठ! आईचं प्रतिज्ञापत्र मात्र तिने त्याच्या हाती दिलं ते सातवं पान काढून. आणि आज ते पान भर कोर्टात कुणीही वाचू शकत होतं.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर रांग लागलेली. नदीनची आई ओपल आधीच हजर होती, हातात दालचिनीच्या रोल्सचा डबा.

"आजी, तू तर कायद्याच्या बाजूची," एलिस म्हणाला. "मग आमच्यात काय करतेस?"

"रांग सगळ्यांची आहे. आणि कायदा बरोबरच आहे. अठरापर्यंत थांबलं तर काय आभाळ कोसळतं? खा गुमान, गरम आहेत."

"आई, आज नको," नदीन म्हणाली.

"मी कुठे काय म्हणाले? खा म्हणाले."

पुढे उभा असलेला लाल टोपीवाला गृहस्थ वळला. गप्पिष्ट माणूस, मनाने वाईट नव्हता. "मला त्या पोराची कीव येते हो," तो म्हणाला. "चूक त्या आईची. ती ई. के.ची आई! असल्या बाईला चार शब्द सुनावायला हवेत."

मुलं अल्पवयीन, म्हणून असल्या खटल्यात नावं छापत नाहीत, नुसती आद्याक्षरं. त्यामुळे ई. के. आणि त्याची आई त्याच्या नाकासमोर उभी आहेत हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! नदीनचा चेहरा पडला. एलिसला मात्र उकळ्या फुटल्या.

"भयंकर बाई आहे म्हणे," तो गंभीरपणे म्हणाला. "पोराला कोबीसुद्धा खायला लावते."

ओपलला असा ठसका लागला की नदीनला तिची पाठ चोळावी लागली.

आत गेल्यावर एलिसने कागदावर सात चौकोन आखले, एका न्यायाधीशाला एक. बेसबॉलच्या सामन्यात गुण मांडतात तसं प्रत्येक प्रश्नाला तो खूण करणार होता. "ममा, न्यायमूर्ती बेकविथबाईंकडे लक्ष ठेव. त्यांचं मत कुठे जाईल तिकडे निकाल!"

सरकारी वकील पाइक आधी उठले. आवाज मऊ, घाई नाही.

"या उपचारांवर देशोदेशीच्या डॉक्टरांचं एकमत नाही," ते म्हणाले. "जिथे जाणकारांनाच खात्री नाही, तिथे मुलांच्या बाबतीत सावध राहायचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सभेला आहे. सोळाव्या वर्षी माणूस चाळिशीतल्या स्वतःला ओळखत नसतो. आणि न्यायालयाने डॉक्टर होऊ नये."

माणूस काही वेडंवाकडं बोलत नव्हता. नदीनला त्याचाच राग आला. नुसता तोंडाळ असता तर बरं झालं असतं!

मग पाइकांनी एक कागद उचलला. झालं! नदीनने डोळे मिटले.

"ई. के.च्या आईनेच शपथेवर लिहिलंय, 'मी बरोबर करते आहे की नाही हे मला खात्रीने माहीत नाही. चुकले तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही.' न्यायमूर्ती, आईलाच खात्री नाही!"

एलिसची पेन्सिल थांबली. नदीनला वाटलं, त्याचा हात धरावा, कानात काहीतरी सांगावं. पण मागे पत्रकार, पुढे टोपीवाला, आणि त्यांच्या लेखी ती दोघं या खटल्यातली कुणीच नव्हती. समोर बघत राहायचं, बस. ग्रेटा लिंडक्विस्टबाईंनी, नदीनच्या वकिलांनी, बजावलं होतं, ते वाक्य काढा, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका. "शपथेवर लिहायचं ना? मग खरंच लिहिणार," असं तीच फणकारून म्हणाली होती. आता भोगा!

लिंडक्विस्टबाई उठल्या. तोंड उघडतात न उघडतात तोच बेकविथबाईंनी अडवलं.

"ते वाक्य खरं आहे का?"

"खरं आहे, न्यायमूर्ती."

"मग अशा अनिश्चित गोष्टीत विधानसभेने निर्णय घेतला तर आम्ही तो का मोडावा? मुलांबाबतचा प्रत्येक कायदा आईबापांच्या हातातून काहीतरी काढूनच घेतो."

"घेतो. पण हेच औषध दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या मुलाला चालतं. फक्त याच मुलांना नाही. असा भेद केला की सरकारने कारण पटवून द्यावं आणि न्यायालयाने ते कसून तपासावं, एवढंच मागते. खात्री कुणालाच नाही, पाइकांनाही नाही. पण ज्या बाईची झोप उडालीय ती निदान रोज त्या मुलाकडे बघते, डॉक्टरांना विचारते, पुन्हा विचार करते. विधानसभेने एकदा मत दिलं आणि ती घरी गेली."

"चांगलं बोललात," बेकविथबाई म्हणाल्या, "पण माझ्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही."

"नाही, न्यायमूर्ती," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. तेवढ्यात वेळ संपल्याचा लाल दिवा लागला.

निकाल राखून ठेवला. कधी लागेल, देव जाणे! लोक उठले, एकच गलका झाला. एलिस कुणाकडे न बघता तडक बाहेर. नदीन धक्के खात मागे धावली, पार पार्किंगपर्यंत.

"एलिस! थांब रे! माझं ऐक तरी!"

तो वळला. चेहरा लालबुंद. "पाइककडून कळायचं होतं मला? त्या पाइककडून? सगळ्यांच्या देखत?"

"चुकलं माझं. तुला वाटेल, माझा तुझ्यावर विश्वास नाही, म्हणून—"

"विश्वास गेला खड्ड्यात!" त्याचा आवाज फाटला. "रोज सकाळी तू हसत औषध काढून देतेस. सगळं ठीक, सगळं छान. मला वाटायचं, या घरात घाबरणारा मी एकटाच आहे."

"तू घाबरतोस?" नदीनने विचारलं.

"मग? मला हेच हवंय, ममा. नक्की हवंय. तरी भीती वाटते. पण तुला कसं सांगणार? तू तर इतकी ठाम!"

"ठाम? मी?" नदीन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. एलिस आधी रागाने बघत राहिला, मग त्याने तिला मिठी मारली, अशी घट्ट की तिचा चष्मा वाकडा झाला. बेकविथबाईंनी सहा वेळा टोकलं, तिसऱ्या न्यायाधीशाने एकदाही नाही, असं काहीबाही तो तिच्या खांद्यात तोंड खुपसून सांगत सुटला. पोराला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं.

ओपल धापा टाकत पोचली. दोघांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"किल्ल्या इकडे. गाडी मी चालवते. एकशेतीस मैल आहेत, तुम्ही दोघं मागे बसा आणि काय ते बोलून घ्या. माझं मत बदललेलं नाही, सांगून ठेवते. मी मध्ये तोंड घालणार नाही."

"पण ऐकशील ना?" एलिसने विचारलं.

"ऐकणारच," ओपल म्हणाली. "मला तरी कुणी कधी काय सांगितलंय?"