सुई कुठं थांबते

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत मी चार दिवसांसाठी गावी आले, तेव्हा माझ्या पिशवीत एकशे बारा फोटो होते. प्रत्येक फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर एकच पांढरी रेघ.

गुजरातमधल्या एका प्रयोगशाळेत मी इलेक्ट्रॉनांच्या तीव्र झोतावर काम करत होते. सूर्यात हलक्या अणूंची केंद्रकं एक होऊन ऊर्जा सुटते. तसं पृथ्वीवर घडवायचं तर वायू कोट्यवधी अंश तापवावा लागतो, आणि असा झोत हा त्याचा एक मार्ग. अडचण अशी की इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात आणि झोत नळीतच पसरून जातो. नळीत अगदी विरळ वायू ठेवला तर झोत स्वतःच त्यातून धनभारित आयन तयार करतो आणि ते त्याला सावरून धरतात. वायूचा दाब, विजेचा दाब, सगळं तंतोतंत सारखं ठेवूनही माझ्या झोताचे कधी दहातले सात भाग टोकाला पोचत, कधी तीनच. फोटोतली रेघ म्हणजे टोकाला किती झोत पोचला त्याची नोंद. पंधरा फेब्रुवारीला कामाचा आढावा होता. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कारण सापडलं नाही, तर तुझी शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवा असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

परतायच्या दिवसापासून मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी दोन दिवसांचा बंद पुकारला होता. जवळच्या पालमहून एकही एस.टी. सुटली नाही. आई, केशरबाई, खूश झाली.

"बंद झाला म्हणून लेक दोन दिस जास्त दिसली," ती म्हणाली. "न्हाईतर हिला घर म्हंजे बसस्टँडच."

मी बाजेवर फोटो पसरून बसले. माझे वडील नागनाथ साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे रस शिजवण्याचं बंद, अवाढव्य भांडं. आतली हवा काढून घेतात, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. बाबांची सातवी झालेली. ते फोटो हातात घेऊन बघत राहिले.

"ह्यातलं बिघडलेलं कोणतं?"

"तेच कळत नाही, बाबा. आतल्या दाबाचा आकडा दरवेळी एकच असतो. मी स्वतः बघून लिहिते."

"आकडा एकच म्हणतीस. आत हाय ते एकच हाय का?"

मी म्हणाले, "मापकाला ते कळत नाही. किती आहे एवढंच तो सांगतो."

"मग चल माज्यासंगं. ऊस आला न्हाई, मिल बंद हाय. मागचा रस तेवढा शिजवायलेत. दोन पॅन रिकामे हायत."

सायकलवर डबलसीट आम्ही कारखान्यावर गेलो. बाबांनी इंजिनियरसाहेबांना विचारलं. साहेब हसले, "दाखवा की. लेकीला नोकरीला लावताय काय?"

"तिला परवडंल का तुमचा पगार?" बाबा म्हणाले.

दोन पॅन शेजारीशेजारी. एक नुकताच गरम पाण्यानं धुतलेला, दुसऱ्याच्या दाराची रबरी पट्टी झिजलेली. दोन्हींतली हवा पंपानं ओढून दाबमापकांच्या सुया एकाच आकड्यावर आणल्या. मग बाबांनी दोन्ही व्हॉल्व बंद केले.

"आता बोलू नको. सुई बघ."

पहिल्या पॅनची सुई भरकन थोडी घसरली आणि थांबली. दुसऱ्याची सावकाश, एका चालीनं घसरत राहिली.

"ही चालूच राहती ती बाहेरची हवा," बाबा म्हणाले. "गळती. आन् ती थांबली ती आतलीच वाफ. भिंतीला वल हाय, तेवढी सुटली का थांबती. आकडा दोघींचा एकच व्हता. तुजं भांडं तुमी उघडता का मदी?"

उघडतो. झोत जाताना नळीच्या तोंडाचा पातळ पत्रा फाटतो, म्हणून दरवेळी झाकण काढून नवा बसवतो. हवेतलं बाष्प आत भिंतींना चिकटतं. पुन्हा हवा ओढतो, थोडा नायट्रोजन सोडतो आणि आकडा जुळला की झोत सोडतो. सकाळच्या पहिल्या झोताआधी पंप रात्रभर चाललेला असतो. नंतरच्या प्रत्येकाआधी जेमतेम दोन तास. म्हणजे आकडा तोच, पण त्यात नायट्रोजन कमी आणि बाष्प जास्त. झोताची वेळ मी कायम लिहिली होती. झाकण कधी बंद केलं, ते एकदाही लिहिलं नव्हतं.

घरी येऊन मी फोटो उलटे केले. मागं पेन्सिलीनं तारीख आणि क्रमांक होता. प्रत्येक दिवसाचा पहिला फोटो वेगळा काढला. अठ्ठावीस निघाले. त्यातल्या सव्वीस रेघा एकमेकींवर ठेवल्या तर एकच दिसावी इतक्या सारख्या. मला रडू आलं. आई भाकरी टाकता टाकता म्हणाली, "आता काय झालं हिला?"

"काही नाही, आई. जमलं."

तिसऱ्या दिवशी एस.टी. सुरू झाली. प्रयोगशाळेत पोचल्यावर मी नळीचे व्हॉल्व बंद केले आणि घड्याळ लावून आकडे लिहिले. दाब आधी झपाट्यानं वाढला, मग मंदावला आणि थांबला. गळती नव्हती. नळी ओली होती. त्यानंतर आम्ही नळी बाहेरून तापवून वाळवायला लागलो आणि दुपारचे झोतही सकाळसारखे यायला लागले.

आढाव्यात बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "ही चाचणी करावी असं कुणी सुचवलं?"

"माझ्या वडिलांनी. ते साखर कारखान्यात पॅनमन आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहून घेतलं. माझी शिष्यवृत्ती एक वर्ष वाढली.

अहवालाच्या शेवटी आभार मानायचे असतात. सरांच्या नावाखाली मी बाबांचं नाव लिहिलं आणि त्या पानाची प्रत पत्रातून गावी पाठवली. दहा दिवसांनी बाबांचं कार्ड आलं. आईला आनंद झाला आहे, पण वर्ष वाढलं म्हणजे लग्नही वर्षभर पुढं गेलं का, असं ती विचारते आहे. खाली वेगळ्या शाईत दोन ओळी होत्या:

'मी पॅनवर नवा असताना सुई कशी बघायची ते जुने पॅनमन हुसेनमिया यांनी शिकवलं. आमच्या लोकांना तेव्हा कोणी जवळ उभं करत नव्हतं, त्यांनी केलं. जागा असली तर त्यांचंही नाव घाल.'

अहवाल अजून टंकलेखनाला गेला नव्हता. जागा होती.