पळीभर औषध

मी पितळेची पळी बोलतेय. तेलाच्या डब्यातली. दांडा उभा, टोकाला आकडा आणि खाली खोलगट वाटी. जळगावातल्या दोन खोल्यांच्या एका घरात मी उभा जन्म काढला. इतकी वर्षं तेलात बुडले, पण कोणतं तेल चांगलं असं कुणी विचारलं तर आजही माझी बोलती बंद होते. जे सांगायचंय ते तेलाचं आहेच, पण त्याहून जास्त एका माणसाच्या छातीचं आहे. त्याला मी औषध पाजलं की दुखणं, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं.

मला विकत घेतलं पारोळ्याच्या बाजारात, भिकुबाईनं. तिच्या मंदाचं लग्न ठरलं होतं. दुकानदारानं आधी एक उथळ पळी दाखवली, ती भिकुबाईनं बाजूला सारली. मग मला उचललं, माझ्या वाटीत अंगठा बुडवून पाहिला आणि म्हणाली, "हाई खोल शे." मी तेव्हा फुशारले. खोल असणं हा आपला मोठेपणा असं मला वाटलं.

सासरी निघताना तिनं लेकीला सांगितलं, "मंदा, हात नको आखडू. हात आखडनारी बाई कोनले आवडत नही."

आमच्याकडे खिचडी केली की वरून कच्चं तेल ओततात. भरीत असो, भाकरी-चटणी असो, वर तेल पाहिजे. कुणी पाहुणा आला आणि त्याच्या ताटात तेल कमी पडलं, तर त्या घराचं नाव गावभर होतं. म्हणून भिकुबाईचा शब्द मंदाबाईनं पदराला गाठ मारून ठेवला. आता मला सांगा, यात त्या दोघींचं काय चुकलं?

तेल यायचं हाशमभाऊच्या घाण्यावरून. हाशमभाऊ म्हणजे पारोळ्याचा तेली, मंदाबाईच्या माहेरचा शेजारी. मंदाबाई माहेरी गेली की घरचे शेंगदाणे घेऊन घाण्यावर जायची, आणि डब्यासोबत मीही. लाकडी उखळ, त्यात तिरकी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, लाटेला जुंपलेला बैल, आणि बैलाच्या डोळ्यांवर झापड. दाण्यांवर हाशमभाऊ मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. दाणे आधी भुगा व्हायचे, मग लगदा, आणि मग खालच्या तोटीतून धार लागायची. सावकाश, घाई कसली ती नाही. उरलेली ढेप, म्हणजे पेंड, म्हशीला जायची. तेल दोन दिवस तसंच ठेवलं की गाळ खाली बसायचा. त्या तेलाला असा वास होता की जळगावात डब्याचं झाकण उघडलं की शेजारची कमलबाई दारात हजर.

मंदाबाईचा नवरा झुलाल जळगावातच एका तेलगिरणीत कामाला. गाळणीची फडकी धुवायची, हे त्याचं काम. घाणा माहेरचा आणि गिरणी सासरची, त्यामुळे माझी पंचाईत लग्नापासूनचीच. झुलाल जेवताना गिरणीच्या गोष्टी सांगायचा. सरकीचं तेल यंत्रातून निघतं ते म्हणे काळपट-तांबडं असतं. मग त्यात खार घालतात, माती घालून रंग काढतात, आणि शेवटी गरम वाफ सोडून वाससुद्धा काढून टाकतात.

"मंग ऱ्हास काय?" मंदाबाईनं विचारलं होतं, मग उरतं काय म्हणून.

"तेल ऱ्हास," तो म्हणाला. "त्यानं नावगाव जास."

तेल उरतं, त्याचं नावगाव जातं! मी ते ऐकून गांगरलेच. नावगाव नसलेल्याला ओळखायचं कसं? पुढे ते तेल आमच्याही डब्यात आलं. शेंगदाणा महागला की सरकी यायची. रेशनवर पामतेल मिळालं की ते यायचं, आणि थंडीत असं थिजायचं की मी त्यात उभीच्या उभी अडकायचे. दिवाळीला वनस्पती तुपाचा डबा. तळणाचं उरलेलं काळं तेलही पुन्हा माझ्यातच. मी सगळ्यांत बुडले. कोण कुठलं ते माझ्या ध्यानात राहीना.

मंदाबाईची लेक साक्रीला दिली आणि घरात दोघंच उरली. पुढच्याच वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, झुलालच्या छातीत कळ आली. गिरणीतून त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी तो घरी आला तेव्हा चेहरा पार उतरलेला. मंदाबाई माझ्यासमोर, म्हणजे चुलीपाशी, बसून रडली. तिला दुसरं कुणी नव्हतं. तो जगला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांकडे ही गर्दी. त्यांनी कागद लिहिता लिहिता सांगितलं, "तेल बदला. करडईचं घ्या. हृदयाला चांगलं असतं."

झालं. मंदाबाईनं त्याच संध्याकाळी करडईचं रिफाइंड तेल आणलं. मला राखेनं घासलं, डबा उन्हात वाळवला आणि नवं तेल भरलं. मी आत गेले तर काय, पाण्यात उतरल्यासारखं वाटलं. पातळ, पिवळसर, वास नाही. पहिल्या रात्री झुलालच्या खिचडीवर तिनं नेहमीसारखी एक पळी ओतली. त्यानं घास घेतला आणि थांबला.

"पानी शे का तेल शे हाई? काही लागतच नही."

मंदाबाईनं मला पुन्हा डब्यात बुडवलं. दुसरी पळी. "खाई ल्या. छातीले चांगलं शे."

इथून सगळं सुरू झालं बघा. पूर्वी रात्री एक पळी असायची, ती आता दोन झाली. सकाळी भाकरीवर एक, तीही नवीच. औषधाला कुणी हात आखडतं का? कमलबाई येऊन म्हणाली, टीव्हीवर सूर्यफुलाचं दाखवतात, तेही चांगलं. मग भाजीत सूर्यफूल आणि खिचडीवर करडई. डबा आधी जेवढे दिवस पुरायचा, त्याच्या निम्म्यातच आता तळाला जाऊ लागला. मंदाबाईला वाटायचं, औषध पोटात जातंय. मला वाटायचं, एवढं तेल पूर्वी तर नव्हतं. पण मी कोण बोलणारी? डॉक्टर शिकलेला, मंदाबाई जिवाला जीव देणारी, आणि मी बाजारातून आणलेली पळी. कधी वाटे आपण पुण्य करतोय, कधी वाटे काहीतरी गडबड आहे. माझं मलाच उमजेना.

दीडेक वर्ष असंच गेलं. झुलालचं पोट सुटलं. नळावरून बादली आणताना तो दोनदा थांबायचा. तो थांबला की मंदाबाई घाबरायची, आणि घाबरली की तिचा हात आणखी मोकळा व्हायचा. एकदा तो म्हणाला, "कितलं वाढस तू?" ती म्हणाली, "बरं व्हवाले पाहिजे ना." त्यावर त्यानं ताट पुढे केलं. तिचं मन मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

अशात एक दिवस हाशमभाऊ दारात. हातात पाच किलोचं डबडं. घाणा बंद केला म्हणाला. बैल म्हातारा झाला, लोक गिरणीचं तेल घेतात, कुणासाठी फिरवायचा? शेवटचा घाणा काढला त्यातलं थोडं माहेरवाशिणीला आणलं होतं. मंदाबाईनं डोळे पुसले आणि त्याला जेवायला बसवलं.

खिचडी वाढली. हाशमभाऊच्या ताटात पहिली पळी पडली. दुसरी पडायच्या आत त्यानं ताटावर हात आडवा धरला. मग मी झुलालच्या ताटावर गेले. एक. दोन. हाशमभाऊ घास हातात धरून बघत राहिला.

"मंदा, रोज इतलं?"

"दवाई शे, भाऊ. डॉक्टरनी सांगेल शे."

हाशमभाऊनं घास खाली ठेवला. "मी जनमभर तेल काढं. मना घरमा सात जन. सात जनस्ना भाजीमा आबेदा हाई अर्धी पळी टाकस."

"अर्धीच?" मंदाबाईला खरं वाटेना. आबेदा म्हणजे हाशमभाऊची बायको, आणि तेल्याच्या घरात तेलाला काय तोटा?

"तेलीना घरमा तेल इकाले ऱ्हास, खावाले नही," तो म्हणाला. "घानानं चांगलं का गिरनीनं, माले नही समजत. पन तेल ते तेल. डॉक्टरले ईचार, कितलं."

कितलं. हा शब्द त्या घरात दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी नीट उच्चारला. मंदाबाई हातात मला धरून तशीच उभी होती, आणि माझ्यातून थेंब थेंब तिच्या पायावर पडत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पुसलं आणि पिशवीत घातलं. मी दवाखान्यात गेलेली पहिलीच पळी असेन. डॉक्टरांसमोर तिनं मला टेबलावर ठेवलं. "साहेब, हिच्यानं तीन पळ्या देते रोज. भाजीतलं वेगळं."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग झुलालच्या पोटाकडे. औषधाच्या बाटलीचं छोटं, चमचाभर मापाचं झाकण घेतलं आणि त्यानं पाणी मोजून ते माझ्यात ओतायला लागले. एक झाकण, दोन, तीन. मी भरेना. सहावं झाकण ओतलं तेव्हा पाणी माझ्या काठाला आलं. खोलपणाची फुशारकी मारणारी मी, माझं पितळ तिथं उघडं पडलं.

"दिवसभराच्या सगळ्या स्वयंपाकात मिळून एका माणसाला तीन-चार झाकणं पुरतात," ते म्हणाले. "तुम्ही अठरा देताय. वरून भाजीतलं."

"पण तुम्हीच म्हणाला होता, करडईचं चांगलं."

"चांगलंच आहे. शेंगदाण्याचंही वाईट नाही, आलटून पालटून वापरा. वनस्पती टाळा, तळणाचं तेल परत तापवू नका." ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "किती घ्यायचं ते मी सांगायला हवं होतं. राहून गेलं."

मंदाबाई उठली. मला उचलून तिनं पाणी बेसिनमध्ये ओतलं. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "म्हंजे मीच तुमले..."

"ताट कोन पुढे करे?" झुलाल म्हणाला. "मीच ना?" आणि पिशवी त्यानं स्वतःच्या हातात घेतली.

घरी आल्यावर मी खिळ्यावर गेले. डब्यात चहाचा चमचा आला. झुलालच्या खिचडीवर आता हाशमभाऊच्या तेलाचा एक चमचा पडायचा. एकच, पण वास घरभर. तो डोळे मिटून वास घ्यायचा आणि हळूहळू जेवायचा. मंदाबाईचा हात मात्र पुन्हा डब्याकडे जायचा. जेवणाऱ्याचं ताट असं कोरडं ठेवायचं तिच्या जिवावर यायचं. ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, आणि मी खिळ्यावरून बघायचे. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, तशी माझी गत. मी निर्दोष का गुन्हेगार, हेही कुणी सांगेना.

मग एक दिवस तिनं मला काढलं आणि गल्लीत आलेल्या कल्हईवाल्याकडे दिलं. मोडीत निघाले, असंच मला वाटलं. पण त्यानं मला तापवलं, नवसागर चोळला, कथिल फिरवलं. माझी वाटी आतून चांदीसारखी झाली. हे कशासाठी, कुणाच्या लग्नासाठी, मला काही कळेना.

संध्याकाळी तिनं मला एका पातेल्यात बुडवलं. मी दचकले. हे कुठलं तेल? आंबट, पांढरं, वर कढीलिंब आणि जिरं. करडई नाही, सरकी नाही, पाम तर नाहीच. ती कढी होती, लोणी काढलेल्या ताकाची. पितळेत आंबट कळकतं, म्हणून कल्हई.

झुलालच्या ताटात खिचडी होती, वर चमचाभर तेल. मंदाबाईनं माझ्यातून एक पळी कढी ओतली. मग दुसरी. मग तिसरी. कढी खिचडीच्या कडेनं वाहत ताटाच्या काठाला गेली.

झुलालनं ताटावर हात आडवा धरला. "बस कर, मंदा. कितलं?"

"नको मोजा आते," ती म्हणाली, आणि त्याचा हात बाजूला करून तिनं चौथी पळी वाढली.