डागाखालच्या दोन ओळी

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी आमच्या मुलाने लॉन्ड्रीत धुलाईची दोन मोठी यंत्रं आणली आणि तिसऱ्यासाठी जागा शोधत शोधत तो ह्यांच्या टेबलापाशी येऊन थांबला.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं टेबल खिडकीखाली होतं, वर जस्ताचा पत्रा ठोकलेलं. त्यावर ते कपड्यांचे डाग काढत. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. हे टेबलापाशी, मी काउंटरवर. तेव्हा माणसं कपडे जपून वापरत. एकाच कोटात माणूस लग्नाला उभा राही, नोकरी करी आणि म्हातारा होई. त्या कोटावर डाग पडला की घरात कुणी आजारी असल्यासारखी तोंडं करून लोक यायचे. हे कपडा उजेडात धरायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "कसा पडला?" शाईला एक औषध, तेलाला दुसरं. चुकीचं लावलं की डाग कायमचा मुक्कामाला. पण खरं सांगतंय कोण? निम्मी माणसं सांगायची, चहा.

"बाबा, हल्ली डाग काढतं कोण?" मुलगा म्हणाला. "लोक सरळ नवा शर्ट घेतात. तुमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कपडे येतात."

"मग मी काय करू?"

"आराम करा."

"आरामात काय काय करायचं असतं?" ह्यांनी विचारलं. मुलाने खिशातून टेप काढून टेबलाची लांबी मोजली. हे त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने नवऱ्याला गाठलं. "मला उन्हाळा संपेपर्यंत वेळ दे. डागांचं काम वाढलं तर टेबल जागेवर राहील. नाही वाढलं तर उचलताना एक बाजू मी धरीन."

बायकोपुढे त्याचं चालत नसे. बापावरच गेला होता.

तिने मोबाइल एका स्टँडवर लावला आणि ह्यांच्या हातांचे छोटे छोटे व्हिडिओ काढायला लागली. हात बघण्यासारखेच होते. कपड्याखाली कोरडं फडकं, वरून ओल्या बोळ्याने हलकेच टिपणं, कडेकडून आत. चोळायचं नाही. चोळलं तर डाग पसरतो. चित्रं छान यायची, पण बघायला कुणी थांबत नव्हतं. सूनबाईचं म्हणणं पडलं की खालच्या मजकुरात दम नाही.

"काय लिहिलंयस?" मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. "अनुभव, विश्वास आणि दर्जा यांचा संगम."

"ही तर दुकानाची पाटी झाली," हे टेबलावरून म्हणाले.

मग तिने लिहिलं, 'बघा जादू!'

"जादू? मी काय टोपीतून ससा काढतोय?"

"बाबा, तुम्हीच सांगा मग."

"मी डाग काढतो. लिहिणं तुमचं काम."

तिसऱ्यांदा तिने लिहिलं, 'कोटावरचा ग्रीसचा डाग पूर्ण निघाला.' मला राहवलं नाही. "अगं, निघाला म्हणून आधीच सांगितलंस तर बघायचं कशाला? आणि कोट आहे हे दिसतंय की. दिसत नाही ते लिही."

"दिसत नाही असं काय आहे?"

"तो कसा पडला ते. काउंटरवर उभं राहून माझा जन्म गेला. मला कधी डाग आठवत नाहीत, त्यांच्या सबबी आठवतात."

सूनबाईला ते पटलं. म्हणाली, "पण थोडक्यात हं, आई. दोनच ओळी दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि लोक बोट लावत नाहीत."

आमची जोडी जमली. मी सांगायचे, ती छाटायची. एका पडद्याच्या व्हिडिओखाली आम्ही लिहिलं, 'पांढरा पडदा, निळे हात. घरातली दोन्ही मुलं म्हणतात, दुसऱ्याने केलं.' त्यावर लोक भांडले! हात धाकट्याचा, नाही थोरलीचा, नाही बापाचाच. भांडणाऱ्यांपैकी काहीजण स्वतःचे कपडे घेऊन दुकानात आले. हे पुन्हा सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसू लागले. मुलाने टेप पुन्हा बाहेर काढली नाही.

आणि मग डॉक्टरांचा कोट आला.

कोपऱ्यावर दातांचे डॉक्टर होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर मागे काळा डाग होता. म्हणाले, शाई. ते गेल्यावर ह्यांनी कॉलर उजेडात धरली आणि हसले. "शाई? कॉलरच्या मागे? डॉक्टर मानेने लिहितात वाटतं!"

दुकानातलं बोलणं ते. असं आम्ही हजारदा बोललो असू. पण सूनबाईला ते इतकं आवडलं की तिने जसंच्या तसं कोटाच्या व्हिडिओखाली घातलं, फक्त 'डॉक्टर'च्या जागी 'साहेब' केलं. तिला वाटलं, झालं, आता कोण ओळखणार? कोटाच्या खिशावर हिरव्या दोऱ्याने भरलेला दात होता, तो तिच्या लक्षातच आला नाही. आमच्याही नाही. आम्हा लॉन्ड्रीवाल्यांना सवयच तशी. कपडा हातात आला की डागाखेरीज काही दिसत नाही.

त्या व्हिडिओला कधी नव्हे इतके लोक लोटले. दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः आले.

"माझे पेशंट खुर्चीत पडून आ करतात," ते काउंटरवर म्हणाले, "आणि डोळे वर करून माझे केस बघतात. काल एकीने भूल उतरायच्या आत विचारलं, कुठला रंग वापरता?"

मला हसू फुटत होतं, पण त्यांचे कान लाल झाले होते. सूनबाईने माफी मागितली, व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. डॉक्टर कोट न घेताच निघून गेले.

ह्यांनी हातातला बोळा खाली ठेवला. अ‍ॅप्रन सोडला, घडी केली. "मानेचं ते बोललो मीच. लोक इथे विश्वासाने डाग आणतात. तो चव्हाट्यावर मांडून टेबल राखायचं असेल, तर नको मला ते." आणि मुलाला म्हणाले, "उद्या यंत्र मागव."

आराम करा म्हणून मागे लागलेला मुलगा. पण तोच म्हणाला, "बाबा, बसा ना थोडे." हे बसले नाहीत. वर घरी निघून गेले.

सकाळी सूनबाईने तो कोट इस्त्री करून हँगरवर घेतला आणि मला म्हणाली, "आई, चला." दवाखान्यात पेशंट नव्हते. डॉक्टरांनी कॉलर उलटून पाहिली. डाग कुठे होता हे त्यांनाही सापडेना.

"सासऱ्यांनी कालपासून टेबलाला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "चूक माझी होती. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणालो नसतो," डॉक्टर म्हणाले. मग कोट अंगात घालून आरशात वळून वळून मान पाहू लागले. "पण मी लिहिलंही असं नसतं. मी म्हणजे कुणीतरी चोर असल्यासारखं लिहिलंत तुम्ही. माझ्या डागाबद्दल मी बोललो असतो तर बरं बोललो असतो."

"काय बोलला असतात?" मी विचारलं.

त्यांनी आरशात बघत केसांवरून हात फिरवला. "लिहा," ते म्हणाले. "'केस रंगवलेले आहेत. दात खरे आहेत.'"

सूनबाई इतक्या मोठ्याने हसली की बाहेरची नर्स डोकावली. डॉक्टर गंभीर चेहरा ठेवून म्हणाले, "पुन्हा लावा तो व्हिडिओ. आणि खाली माझं नाव घाला, पत्त्यासकट."

आम्ही वर जाऊन ह्यांना हे सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "स्वतः म्हणाले?"

"स्वतः."

"मग माझा अ‍ॅप्रन कुठे ठेवलात?"

तेव्हापासून नियमच झाला. व्हिडिओ काढायचा तर कपड्याच्या मालकाला विचारून, आणि खालच्या ओळी मालकाने सांगायच्या. पहिल्यांदा मला वाटलं होतं, लोक लाजतील. उलट काउंटरवर रांग लागली. माणसं घरूनच ओळी जुळवून यायची. एक नवरी म्हणाली, 'रडले मी, काजळ रडलं, फोटोत मात्र नवरा हसतोय.' एक पेन्शनर वाकून हळूच सांगून गेले, 'पस्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाक केला.' छाटायला काही उरायचंच नाही. उन्हाळा संपला तेव्हा टेबलाखाली कपड्यांचे गठ्ठे होते आणि तिसऱ्या यंत्रासाठी मुलाने मागची पडवी बंद करून घेतली होती.

ह्यांनी त्यानंतर चार वर्षं टेबल चालवलं. मग डोळे दमले, तेव्हा आपणहून उठले. आता ते दुपारी मनसोक्त झोपतात आणि उठल्यावर झोपलो नव्हतो म्हणून सांगतात. मुलगा आता यंत्रांच्या दुरुस्तीचंही काम घेतो आणि बायकोला विचारल्याशिवाय काही मोजत नाही. सूनबाईने टेबल हाती घेतलंय. तिचे हात ह्यांच्यापेक्षा हलके आहेत, असं हे तिच्या पाठीमागे म्हणतात. डॉक्टरांनी दवाखाना विकला, केस पांढरे होऊ दिले आणि मुलीकडे राहायला गेले. तिकडून ते आमचे सगळे व्हिडिओ बघतात आणि कुणाच्या हसण्यात दात दिसले तर सल्ला लिहितात.

माझे गुडघे आता काउंटरचे राहिले नाहीत. मी वर घरीच असते, सूनबाई व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पाठवते. एखादं गिऱ्हाईक अडलं तर मी त्याला फोनवर बोलतं करते. काल एका लाजऱ्या मुलाकडून चांगली लांबलचक हकीकत काढून पाठवली होती. तिने आणि त्याने मिळून अर्धी कापली. वाचून पाहिली, बरी झाली होती.