पुठ्ठ्याचं कपाट

जॅकचं खरं नाव कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं. मोटार उचलायला जे लागतं ते, म्हणून जॅक. बावीस वर्षं त्याने लोकांची घरं एका जिन्यावरून उतरवून दुसऱ्या जिन्यावर चढवली होती. एका सकाळी एका फ्रिजच्या ओझ्याने त्याच्या कमरेत सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटलं. पुढचे सहा महिने तो छत बघत पडून राहिला. उठला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत काय? कायमचंच."

बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे मला एकदा तरी उचलून घ्याल, ही हौस राहिलीच म्हणायची."

"लग्नात तरी कुठे पाच किलोच्या आत होतीस?" जॅक म्हणाला. डॉक्टर हसले, बायकोही हसली. जॅकला मात्र घरी येईपर्यंत एकच चित्र दिसत होतं. गोदामाच्या दारापाशी एक लोखंडी खुर्ची होती. ज्याची पाठ गेली, गुडघा गेला, त्याला कंपनी त्या खुर्चीवर बसवायची. त्याने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या गाड्या बघायच्या. दुसऱ्यांनी उचललेलं दिवसभर बघत बसायचं.

म्हणून कंपनीच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं, तेव्हा तो खुर्चीचंच ऐकायला गेला होता. सगळे त्यांना ताई म्हणत. वडिलांच्या मागे त्यांनी धंदा सांभाळला होता आणि कुणालाही दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ ताटकळत ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"दादा, पाहणीवाला सोडून गेला," त्या म्हणाल्या. "घरोघर जाऊन सामान बघायचं, कुठली वस्तू कशी निघेल, किती माणसं लागतील ते सांगायचं. जमेल?"

जॅकने त्यांच्या हातातल्या वहीकडे बघितलं. "लिहायचं पण असेल ना त्यात?"

"लिहायला मी आहे. बघायला कोण आहे, ते सांगा."

अर्थात दुसरा एक जण होताच. नुकताच शिकून आलेला, गळ्यात लेझरचं मापयंत्र अडकवलेला तरुण. भिंतीवर लाल ठिपका पाडला की यंत्रात माप येई. सगळे त्याला ठिपकेवाला म्हणत आणि तोही बिचारा ओ देई. त्याने एक घर पाहून ठेवलं होतं आणि घोडं तिथेच अडलं होतं.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं, तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे बाई तळमजल्यावर राहायला चालल्या होत्या. त्यांच्याकडे एक कपाट होतं. वडील सुतार होते. त्यांनी ते त्याच खोलीत बसून बनवलं होतं, एकसंध, सांधे डिंकाने जोडलेले, एक स्क्रू नाही. म्हणजे त्या कपाटाने जन्मात जिना पाहिला नव्हता. उंची साडेसहा फूट, रुंदी चार फूट दोन इंच, खोली पावणेदोन फूट. जिन्याची बाकी वळणं ऐसपैस होती, पण दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर कुणीतरी नळ झाकायला भिंत पुढे घेतली होती. ठिपकेवाल्याच्या हिशेबाने तिथे दोन इंच कमी पडत होते. कपाट मधोमध कापावं लागेल, नाहीतर खिडकी फोडून क्रेनने काढावं लागेल.

"कापायचं असेल तर ते इथेच राहू दे आणि मीही इथेच राहते," बाई म्हणाल्या.

जॅक त्या वळणावर अर्धा तास उभा राहिला. ठिपकेवाल्याने कपाट आडवं धरून मोजलं होतं आणि उभं धरून मोजलं होतं. एका कोपऱ्यावर तोलून धरलेलं मोजलं नव्हतं. कपाट एकाच पायावर उभं केलं आणि बाकीचं अंग वरच्या पोकळीत झुकवलं तर? छातीत धडधडायला लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते दुखण्यामुळे नव्हतं.

"निघेल," तो ताईंना म्हणाला.

"नक्की?"

"निघेल असं वाटतंय."

"मग ऐका. निघालं तर पाहणीचं काम तुमचं. अडकलं तर मी त्या मुलाला ठेवीन आणि तुम्ही खुर्चीवर बसाल. मला भिडेत टाकू नका."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोच्या शिवणयंत्रासमोर तो येरझाऱ्या घालत राहिला. हात हलवून हवेत कपाट फिरवायचा, मग थांबायचा. शेवटी बायकोने यंत्र बंद केलं.

"अहो, तुम्हाला अंगरखा बेतायचा असता तर मी काय केलं असतं? तुम्हाला हवेत फिरवलं असतं? आधी कागद कापला असता."

जॅकची येरझार थांबली. मग कंपनीच्या गोदामातून फाटक्या खोक्यांचा भारा मागवून घेतला. दोन दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोने जमिनीवर खडूने मापं आखली, पुठ्ठे कापले, दाभण आणि सुतळी घेऊन ते एकमेकांना शिवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत हुबेहूब त्या कपाटाएवढं एक कपाट उभं राहिलं.

"ह्याला अस्तर लावायचंय का?" तिने विचारलं.

"आधी वजन बघ."

तिने ते भंगारवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्याला लटकवलं. चार किलो आणि थोडं वर. जॅकने कपाट दोन्ही हातांनी कवटाळून उचललं आणि खोलीत एक गिरकी घेतली. बायको ओरडणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिने त्याच्या पायाखालचा खडू तेवढा बाजूला सरकवला.

बाईंच्या जिन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते शेजाऱ्यांनी पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगितलं. एक नवरा आणि एक बायको रिकाम्या पुठ्ठ्याचं कपाट घामाघूम होऊन खाली उतरवत होते. नवरा वरून मोठ्या गंभीरपणे सांगत होता, "सावकाश, जड आहे." शेजारची दारं उघडली. "पुढच्या खेपेला हत्ती नेणार का?" एका आजोबांनी विचारलं. बाई कठड्याला धरून एकेक पायरी मागून येत होत्या, वर्गात परीक्षा चालू असावी तशा.

दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर कपाट एका कोपऱ्यावर उभं राहिलं, झुकलं, आणि नेमकी त्याच वेळी बायकोचा चष्मा नाकावरून घसरला. तिने हात सोडून चष्मा सावरला. जॅकच्या हातात कपाटाच्या वरच्या कडेला शिवलेली सुतळी ताणलेली होती. कपाट त्या कोपऱ्यावर आपलं आपण वळलं आणि भिंतीला न लागता पलीकडच्या पायऱ्यांसमोर आलं.

"सोडलंस का?" जॅक खेकसला. "खरं असतं तर?"

"खरं असतं तर मी इथे असते का?" बायको म्हणाली.

भिंत आणि पुठ्ठा यांच्यात एक बोट जागा राहिली होती. जॅकने ती स्वतःच्या करंगळीने मोजली. त्या आनंदात चष्म्याची गोष्ट तो विसरून गेला.

सामान न्यायच्या दिवशी सगळे हजर होते. ताई, गळ्यात यंत्र अडकवलेला ठिपकेवाला, बाई, चष्म्याला मागून दोरी बांधून आलेली बायको, आणि उचलायला तिघं. त्यांतले दोघे जुळे भाऊ होते. एकाला हाक मारली की दोघंही ओ द्यायचे. तिसरा चिमणी.

चिमणी म्हणजे दाराएवढा रुंद माणूस. फक्त आवाज बारीक. सोळा वर्षं तो आणि जॅक जोडीने काम करत होते. जिन्यातून उतरताना खालचा माणूस उलटा चालतो, त्याला काही दिसत नाही. म्हणून वरचा बोलणार आणि खालचा ऐकणार, हा त्यांचा कायदा. फ्रिजच्या दिवशी खाली चिमणी होता. ओल्या पायरीवर त्याचे हात सुटले. वर जॅक एकटा होता. त्यानेही सोडलं असतं तर फ्रिज चिमणीच्या छातीवर गेला असता, म्हणून त्याने सोडलं नाही. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नव्हते. पण त्या दिवसापासून चिमणी हातात घेतलेली वस्तू जमिनीला टेकेपर्यंत अशी धरायचा, की बोटं पांढरी पडायची.

"आता तुझं बरंय," चिमणी म्हणाला. "उचलली जीभ लावली टाळ्याला."

"तेवढीच उचलायची परवानगी आहे," जॅक म्हणाला. "चल, खालून धर."

पहिली वळणं लोण्यातून सुरी जावी तशी गेली. जॅक वरून बोलत होता आणि त्याला वाटत होतं, आपले हात लांब होऊन त्या तिघांच्या खांद्यांपर्यंत पोचलेत. डावा खाली. टेक. आता श्वास घ्या. उचल. कपाट दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर आलं, कोपऱ्यावर उभं राहिलं, झुकलं, फिरायला लागलं. आणि थांबलं.

"जॅक," खालून बारीक आवाज आला, "माझे हात कुठे ठेवू?"

जॅकने वाकून पाहिलं. कपाट आणि भिंत यांच्यात एक बोट जागा होती, अगदी मोजल्याप्रमाणे. पण त्या जागेत चिमणीचे पंजे होते, आणि पंजांमागे चिमणी.

 पुठ्ठ्याच्या कपाटाच्या हिशेबात माणूसच धरला नव्हता. बायकोने ते बोटांच्या टोकांनी वरच्यावर धरलं होतं. बावीस वर्षं जो नुसते हात आणि पाठ होता, तोच मापं घेताना हात विसरला होता.

 ठिपकेवाल्याने घसा खाकरला. "खिडकीचं विचारून ठेवू का?" तो हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. ताईंनी जॅककडे बघितलं आणि नजर बाजूला वळवली. जॅकला लोखंडी खुर्ची दिसली. तिच्या पायाला गंज कुठे चढलाय, तेसुद्धा दिसलं.

त्याचे पाय आपोआप दोन पायऱ्या उतरले. उजवा खांदा लाकडाकडे झुकला. एक रेटा दिला तर वरचा भाग तेवढा मागे जाईल आणि चिमणीला हात काढायला जागा होईल.

"अहो," मागून बायको म्हणाली. एवढंच.

तो थांबला. वळून तिच्याकडे पाहिलं तर तिचा हात चष्म्यावर होता.

चष्मा.

"तू सोडलं होतंस," जॅक म्हणाला.

"काय?"

"तू सोडलं होतंस आणि ते वळलं होतं." त्याचा आवाज चढला, शब्द एकमेकांना ढकलत बाहेर यायला लागले. "पट्टा आणा, रुंदवाला. कपाटाच्या मानेखालून घ्या. वरच्या कठड्याच्या त्या लोखंडी खांबाला दोन वेढे द्या. दोन, एक नाही. आता तुम्ही दोघं भाऊ वरून ताणून धरा. ताई, ती घोंगडी द्या, कोपऱ्याखाली सरकवायला. चिमणी, पट्टा ताणला गेलाय का बघ."

"ताणलाय."

"मग सोड."

खाली पंजे होते तिथेच राहिले.

"चिमणी, हात सोड आणि चार पायऱ्या खाली जा."

"मी सोडणार नाही."

"अरे, तू आहेस म्हणून ते अडलंय."

"मी सोडणार नाही, जॅक. माझ्या हातून एकदा सुटलंय."

हे तो जिन्यातल्या सगळ्यांसमोर बोलला. जुळ्यांनी माना खाली घातल्या. जॅक कठड्यावरून जितकं वाकता येईल तितकं वाकला, चिमणीचं टक्कल दिसेपर्यंत.

"तेव्हा वर मी एकटा होतो," तो म्हणाला. "आज दोघं आहेत, पट्टा आहे, खांबाला दोन वेढे आहेत. वेढे तू स्वतः येऊन मोजलेस तरी चालेल."

"आणि तू?"

"मी बोलतोय ना. सोळा वर्षांत मी म्हटलं आणि तसं झालं नाही, असं एकदा तरी झालंय?"

चिमणीने विचार केला. तो खरंच विचार करत होता. "एकदा," तो म्हणाला. "ते पियानोचं."

"त्यात पियानोची चूक होती. सोड."

एक पांढरं बोट सुटलं. मग दुसरं. मग चिमणी दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखा, उलटा चार पायऱ्या उतरला. कपाट पट्ट्यावर लटकून किंचित कुरकुरलं. बाईंनी डोळे मिटले.

"पट्टा दोन बोटं ढिला करा," जॅक म्हणाला. "अजून दोन. थांबा. आता ते स्वतः वळेल, त्याला वळू द्या."

आणि ते वळलं. घोंगडीवरच्या एका कोपऱ्यावर, सावकाश, एखादी वयस्क बाई गर्दीतून वाट काढत अंग चोरून वळते तसं. भिंतीचा चुनासुद्धा त्याला लागला नाही. समोर पायऱ्या आल्या, आणि खाली चिमणी हात पसरून उभाच होता.

"घे," जॅक म्हणाला.

"घेतलं," चिमणी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

त्यानंतरची वळणं जॅकला आठवत नाहीत. तो बोलत राहिला आणि ते उतरत राहिले. कपाट तळमजल्यावर उन्हात उभं राहिलं. बाईंनी त्याची चारही दारं उघडून बघितली, मग त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. ठिपकेवाल्याने आपलं यंत्र गळ्यातून काढून जॅकला दाखवलं आणि विचारलं, "ते कोपऱ्यावर उभं करून कसं मोजायचं, मला शिकवाल?"

"पुठ्ठा आणि दाभण लागेल," जॅक म्हणाला. "आणि पुढच्या वेळी दोन पंजे पण शिवून घ्यावे लागतील. ते ह्यांना विचारा." बायकोने नाक मुरडलं, पण ती मनातल्या मनात पंजे बेतायला लागली होती, हे त्याला दिसलं.

ताई आपल्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दादा, उद्या सकाळी एक घर आहे. चौथा मजला. सोफा, दोन पलंग, पुस्तकांची..."

जॅक पुढचं ऐकतच नव्हता.

"जिना कसा आहे?" त्याने विचारलं. "गोल आहे का?"

"गोल आहे," ताई म्हणाल्या.

"किती गोल?" जॅकने विचारलं, आणि चिमणीकडे बघितलं. तो कपाटाच्या सावलीत बसून आपले हात उघडून मिटून बघत होता.